गाळलेली ओळ

चार वर्षं झाली, आणि ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही. बाबांना सांगितली नाही. जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, तिच्यासमोर तर मी दर पंधरवड्याला बसते, तिच्या हातचा चहा पिते, आणि सांगत नाही. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

गोष्ट घराची आहे. म्हणजे — घर निवडण्याची. आता त्यात लपवण्यासारखं काय, असं वाटेल. लोक रोज घरं बदलतात. बदलीचं पत्र आलं की नकाशा उघडतात, पाणी किती वेळ येतं ते विचारतात, कामाची जागा किती लांब ते मोजतात. आम्हीही तेच केलं. देबोची, माझ्या नवऱ्याची, बदली गुवाहाटीहून नागपूरला झाली — हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. दोन महिन्यांत देशाच्या त्या टोकाहून इकडे यायचं होतं. देबो आसामचा. नागपूर त्याने फक्त आमच्या लग्नात पाहिलेलं, तेही मे महिन्यात, म्हणजे काहीच पाहिलेलं नाही. तो म्हणाला, "तुम्हारा शहर है, तुम तय करो. जहाँ बोलोगी, वहाँ रहेंगे."

माझं शहर. हो.

पण आधी यादीचं सांगायला हवं. त्याशिवाय हे कळणार नाही.

सावनेरला बाबांचा छापखाना आहे. पोट लग्नपत्रिकांवर, पण त्यांचा जीव पत्रकांत. खाणकामगारांची पत्रकं, कापसाच्या भावाची, बुवाबाजीच्या विरोधातली. शाळेतून आले की ओल्या शाईचे कागद दोरीवर वाळत घालणं माझं काम. मुलं बडबडगीतं पाठ करतात त्या वयात मला पत्रकं पाठ होती. अन्याय हा शब्द मी आधी लिहायला शिकले, त्याचा अर्थ नंतर. आम्ही कुणबी. घरची शेती. आडनाव असं, की कुठल्याही दारात अडत नाही. आणि जे अडत नाही ते कधी लक्षात येतं का? मला आलं नव्हतं. कॉलेजसाठी नागपूरला आले, पौर्णिमाबरोबर खोली शोधायला फिरले, तेव्हा आलं.

पौर्णिमा उमरेडकडची. नर्सिंग शिकायला आलेली. तिच्या आजोबांनी छप्पन साली इथेच धम्म घेतला होता, आणि त्यांचं आडनाव घेऊन ती माझ्या शेजारी उभी होती. आम्ही सहा घरं पाहिली. सहाही ठिकाणी मी बोलत होते तोवर खोली रिकामी होती. तिचं आडनाव कळलं की घरमालकाचा पुतण्या शिकायला येणार असायचा. सहाव्या घरातून बाहेर पडल्यावर ती फाटकाबाहेर थांबली आणि म्हणाली, "नागपुरात यंदा पुतण्यांचं पीक लई आलं वं." आणि आम्ही रस्त्यावर हसत सुटलो. मग मी रडले. ती नाही.

त्या आठवड्यात यादी सुरू झाली. ज्या इमारती आडनाव पाहून घर नाकारतात, त्यांची. पौर्णिमाने एक रजिस्टर केलं. नियम तिनेच केले, आणि ते कडक होते. दोन वेगवेगळ्या घरांनी स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय इमारतीचं नाव लिहायचं नाही. आणि लिहिलेलं नाव काढायचं ते एकाच कारणाने — ज्यांना नाकारलं होतं, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातात तिथली किल्ली आली तर. वर्षातून एकदा, जूनच्या आधी, बाबा ती यादी चार पानांवर पिवळ्या कागदात छापून देत. वसतिगृहांत, नर्सिंगच्या मुलींत, एसटी स्टँडवर आम्ही वाटायचो. शेवटच्या पानावरचा मजकूर माझा. त्यात एक वाक्य होतं, मला फार आवडायचं — "ज्या इमारतीचं नाव इथे नाही, तिथे निर्धास्त जा. विचारल्याशिवाय आडनाव सांगू नका. घर मागताना जात सांगणं हे तुमचं काम नाही."

निर्धास्त. हा शब्द मी लिहिला.

लग्नानंतर मी गुवाहाटीला गेले तरी यादी चालू राहिली. रजिस्टर पौर्णिमाकडे, टाइप करणं माझ्याकडे, छपाई बाबांकडे. छापायच्या आधी तपासणी व्हायची ती फोनवर, बाबांच्या छापखान्यातल्या जुन्या पद्धतीने. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप केलेल्या पानावर बोट ठेवायचं, आणि ओळ जुळली की म्हणायचं — "हं." हं म्हटलं की ती ओळ पक्की. वाचणारा पुढे जातो. वाचणाऱ्याला दुसऱ्याचं पान दिसत नसतं. सगळं त्या एका हं वर.

आता घर.

देबोने मला निवडायला सांगितलं, तेव्हा मी काय केलं? लॅपटॉपवर यादी उघडली. तुम्हाला वाटेल, त्या इमारती टाळायला. मलाही पहिली दोन मिनिटं असंच वाटत होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी टाळत नाही आहे — मी निवडते आहे. कुठे झाडं आहेत, कुठे लिफ्ट आहे, कुठे संध्याकाळी लाउडस्पीकर नसतो. जिथे माणसं इतक्या जिवापाड दार राखतात, तिथे आत राखण्यासारखं काहीतरी असणारच ना? देबोच्या साहेबाने फोनवर "चांगले एरिया" म्हणून जी नावं सांगितली, ती माझ्या यादीशी जवळजवळ ओळीने जुळत होती. ज्यांना नाकारलं जातं, त्यांच्या हातात ती सावध राहायची यादी. ज्यांना कुणीच नाकारत नाही, त्यांच्या हातात तीच यादी काय होते? चांगल्या वस्त्यांची यादी होते. आणि ती इतकी नेमकी, इतकी तपासलेली, दोन दोन साक्षींची — कुठल्या दलालाकडे नसेल अशी.

मी ती तशी वाचली. मी, जिने ती केली.

तेवढ्यात पौर्णिमाचा फोन आला. लग्नानंतर ती इंदोऱ्याला राहत होती, नागपूरच्याच उत्तरेकडच्या बौद्ध वस्तीत. तिने आमच्यासाठी घर पाहून ठेवलं होतं, तिच्याच गल्लीत, तिच्या मामेसासऱ्यांचं, पहिला मजला. आम्हाला न विचारता त्यांना रंग द्यायला लावला होता. "हिरवा नाही देऊ देला मी, तुले आवडत नाही ना. आता ये लवकर, नाही तर मामाजी दुसऱ्याले देऊन टाकतीन." मी म्हटलं, देबोच्या कंपनीची बस इंदोऱ्याला येत नाही गं. त्याला फार त्रास होईल.

बस येत होती. इंदोरा चौकातूनच सुटत होती. देबोनेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. पौर्णिमा म्हणाली, "अरे राज्या. मंग राहू दे." आणि लगेच, "जावईबुवाले सांग, घर नाही तरी रविवारचं मटण इकडेच."

मी थकले होते का? माहेरापासून लांब, परगावी चार वर्षं काढली होती, शांत खिडकीपाशी बसून लिहावं असं वाटत होतं, हे खरं. पण थकवा हे कारण नाही. थकलेली पौर्णिमाही होती. तिला ही यादी उलटी वाचायची सोय नव्हती, इतकंच.

मी निवडलेली इमारत धरमपेठेच्या पुढे होती. मधुमालती अपार्टमेंट म्हणू या. तीन मजले, मागे कडुनिंब. यादीतली तिची दुसरी साक्ष मी स्वतः घेतली होती, काही वर्षांपूर्वी, फोनवर. एक शिक्षिका होती. तिला किल्ली दिली होती. तिने घर झाडून काढलं, फरशी पुसली, आणि दाराच्या पाटीवर काय लिहायचं म्हणून घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं. संध्याकाळी किल्ली परत मागितली. "पुसलेली फरशी वाळली पण नव्हती जी," ती मला म्हणाली होती.

त्याच घरमालकीणबाईंशी मी फोनवर बोलले, माहेरचं आडनाव सांगून. काकू म्हणायचे सगळे त्यांना. पहिल्या मजल्यावर स्वतः राहत, वरचे दोन भाड्याने देत. फार गोड बोलल्या.

"सावनेरचे का तुम्ही? अच्छा, आडनावावरून वाटलंच. शेतीबिती असेल घरी?"

"आहे."

"आणि मिस्टर आसामचे म्हणता. मासेबिसे?"

"घरी नाही करत."

"तसं नाही हो, मागच्या फ्लॅटवाल्या आजींना वास सहन होत नाही. बाकी ते — म्हणजे आपल्यातलेच ना?"

मी म्हटलं, "हो."

आपल्यातले म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलेला प्रश्न. देबोचं शइकिया हे आडनाव नागपुरात कुणालाच वाचता येत नाही, आणि मी ते काकूंना वाचून दाखवलं नाही. त्यांना हवं तसं वाचू दिलं. घर मिळालं. देबो खूश झाला. पुढे वर्षभर तो मासे हिंगण्याला कारखान्याजवळच्या खानावळीत खाऊन यायचा आणि फाटकाशी उभा राहून बडीशेप चघळायचा. त्याला मी सांगितलं होतं, आजींना त्रास होतो.

आणि मग, पंधरा दिवसांनी, मे महिन्यात, त्या वर्षीच्या यादीची टाइप केलेली पानं माझ्यासमोर होती.

विचार करा — की नका करू, मीच सांगते. त्या पानांवर मधुमालती छापलं गेलं, तर मी तिथे कशी राहणार? पत्ता कळला की पहिला फोन पौर्णिमाचाच येणार. आणि ते नाव नसलं, तर ते एक साधं घर होतं, कडुनिंबाजवळचं. घर बदलता आलं असतं. अजून सामानही हललं नव्हतं. मी घर बदललं नाही. मी ओळ पुसली. एक बटण दाबलं, खालच्या ओळी वर सरकल्या, जागासुद्धा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने रजिस्टरमधून वाचलं, आणि मी प्रत्येक ओळीला हं म्हटलं. जी माझ्या पानावर नव्हती, तिलाही.

जूनमध्ये आम्ही आलो. पौर्णिमाला मी सांगितलं, घर कंपनीने घेऊन दिलंय, आम्हाला निवड नव्हती. "कोन्या बाजूले?" तिने विचारलं. मी म्हटलं, धरमपेठेकडे, तुला सापडणार नाही. घरी बोलावणं मी टाळत राहिले — घरमालकीण कटकटी आहे, म्हणायची. ती हसायची. "कंपनीच्या घराले बी काकू असते का वं?" दर वेळी मीच इंदोऱ्याला जायचे. तिचा फोन आला की ती पलीकडून म्हणायची "जयभीम", आणि मी — कॉलेजच्या गेटवर हाच शब्द ओरडून म्हणणारी मी — आधी बाल्कनीचं दार लावायचे, मग म्हणायचे. हळू. देबो एकदा म्हणाला, "तुम्हारी दोस्त यहाँ कभी आयी नहीं?" मी म्हटलं, तिची ड्यूटी असते.

जुलैमधला रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. मी भाजीची पिशवी घेऊन परत आले, तर फाटकाशी सामानाचा टेम्पो उभा. लोखंडी पलंग, कूलर, सिलिंडर, बादलीत भांडी, आणि गुंडाळलेल्या गादीवर बसलेली एक बाई. खाली एक मुलगी, चोवीस-पंचवीसची, आणि तिचे वडील. मुलीच्या पर्समधून पिवळा कागद डोकावत होता. तो कागद मी कुठेही ओळखेन.

"ताई, इथंच राहता का जी तुम्ही?" मुलीने विचारलं. "आम्ही आज वरच्या माळ्यावर येऊन राहिलो. लोक कसे आहेत इथचे?"

मी म्हटलं, "शांत आहे."

"मंग बेस. आमच्या आईले गलबला नाही चालत."

गादीवरून आई म्हणाली, "मले काहून मधात घेतं वं? ड्यूटीवरून आली का कुंभकर्णासारखं तुलेच झोपाचं राहते."

मुलगी हसली. माझ्याकडे पाहून हसली, आता आपण शेजारी, असं. आणि मी जिना चढून वर गेले.

मला माहीत होतं. पायरीपायरीला माहीत होतं. घरात जाऊन पिशवी ठेवली आणि खिडकीच्या पडद्यामागे उभी राहिले. सगळं दलालाने फोनवर पक्कं केलं होतं, असं नंतर कळलं. काकू करारनाम्याचा कागद आणि किल्ली घेऊन खाली आल्या, आणि कागदावर नाव घालायला त्यांनी नाव विचारलं. पूर्ण नाव.

मग काकूंचा आवाज. "अगं बाई. सांगायचंच राहिलं बघ. माझा पुतण्या येतोय शिकायला."

वडील म्हणाले, "बाई, सामान भरून आलो आम्ही. तिकडची खोली सोडून आलो."

"ते मी काय करू? दलालाने नीट सांगायला नको?"

मुलगी एवढंच म्हणाली, "पुतण्या माहं आडनाव ऐकाच्या आधी निघाला का नंतर, जी?"

काकूंनी लोखंडी जाळीचं दार ओढून घेतलं.

टेम्पोवाला त्याच्या पुढच्या भाड्याचं बोलू लागला. वडील सामानाची दोरी सोडत आणि पुन्हा बांधत राहिले — सैल नव्हती ती. आई गादीवरून उतरली नाही. मुलीने पर्समधला कागद काढला, उलगडला आणि त्यावरून बोट फिरवत गेली, एकेक ओळ, पहिल्या पानापासून. आपल्याकडून काही वाचायचं राहिलं का, ते ती पाहत होती. आमची बाहेरची खोली तेव्हा रिकामी होती, सोफासुद्धा घेतला नव्हता. दोन जिने खाली उतरून "सामान इकडे चढवा" एवढं म्हणायचं होतं. काकूंच्या तोंडावर. त्याच वाक्यासाठी मला वाढवलं नव्हतं का?

मी उतरले नाही. टेम्पो गेला.

संध्याकाळी पौर्णिमाचा फोन. ती मुलगी, प्रणाली तिचं नाव, पौर्णिमाच्याच दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर होती. पत्रक तिला पौर्णिमानेच दिलं होतं. सामानासकट तिघं आता पौर्णिमाच्या दोन खोल्यांत होती, आणि पौर्णिमा गच्चीवर येऊन बोलत होती.

"मधुमालती आपल्या यादीत होतं ना वं? रजिस्टरमधी हाय. माह्याच अक्षरात हाय, आताच पाहून आलो. मंग छापून काहून नाही आलं?"

मी बाल्कनीच्या दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

"मी वाचतानी सोडली असन का ती ओळ?"

बोलायला वेळ होता. ती श्वास घेत होती, तो मला ऐकू येत होता. आणि मी म्हटलं —

"असन."

हे ते. यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. घर निवडणं नव्हे, ओळ पुसणंसुद्धा नव्हे. तो एक शब्द. पुसताना मी निदान एकटी होते. हा शब्द मी तिला ऐकवला, आणि तिने तो तिथल्या तिथे उचलला. "माह्याच्यानं झालं मंग," ती म्हणाली. "त्या पोरीच्या बापाले पाणी देतानी मले वर पाहवत नव्हतं."

त्या घटनेवर सगळ्यांत जहाल पत्रक कुणी लिहिलं असेल? मीच. 'पुतण्यांचं शहर'. एका बैठकीत लिहिलं, रागाने — आणि तो राग खोटा नव्हता, हे कसं ते मला आजही समजत नाही. इमारतीचं नाव मी घातलं नाही. कायद्याची अडचण येईल, असं सांगितलं. पत्रक फोनोफोनी फिरलं. एका सभेत मला बोलायला बोलावलं. पुष्पगुच्छ दिला. पौर्णिमा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, प्रणालीला शेजारी घेऊन. प्रणाली माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. शांत आहे म्हणणारी बाई तिने ओळखली का? तिने कधी काही म्हटलं नाही. तिची बदली झाली, आणि मी सुटले. सुटले — हा शब्द तेव्हा खरंच मनात आला होता.

वर्ष संपायच्या आत आम्ही हिंगणा रोडला राहायला गेलो. देबोला मी सांगितलं, तुला जवळ पडेल.

पौर्णिमाचं मात्र तिथे संपलं नाही. मला वाटलं होतं, महिनाभर लागेल तिला, विसरेल. पुढच्या वर्षी रजिस्टर काढायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मी नाही वाचत आता. माह्या डोळ्यावर भरोसा नाही." दुसरं कुणी वाचायला मिळालं नाही. मीही शोधलं नाही. यादी त्या वर्षी निघाली नाही, नंतरही नाही. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तिला ते पटलं नाही, दुसऱ्याकडे गेली. हे ती मला हसत सांगायची. वॉर्डात इंजेक्शन भरायच्या आधी ती शीशीवरचं नाव स्वतः तीनदा वाचायची, आणि मग कुणाला तरी बोलावून वाचून घ्यायची. नव्या मुली टोमणे मारायच्या — "सिस्टर, भाजीत मीठ तरी स्वतःच्या मनानं टाकता, का शेजारणीले दाखवून घेता?" हेही ती हसत सांगायची. मग एक दिवस कळलं, तिने स्वतःहून वॉर्ड सोडला. आता ती बाहेर केस पेपर काढायच्या खिडकीवर बसते. जिचा हात शोधत पेशंट यायचे, ती.

मी ऐकत होते सगळं. चहा पीत.

गेल्या आठवड्यात तिने मला बोलावलं. दवाखान्याने तिला अतिदक्षता विभागाची इन्चार्ज व्हायला सांगितलंय. तिच्याइतकी जुनी सिस्टर दुसरी नाही. तिला नकाराचा अर्ज लिहून हवा होता. "लिही वं, तुयी भाषा चांगली हाय. साहेबाले राग नाही आला पाहिजे." मी तिच्या ओट्यावर कागद ठेवून लिहिला. 'माझ्याकडून नजरचूक होऊन रुग्णाच्या जिवाला धोका पोहोचू शकतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.' हे वाक्य माझं आहे. तिने ते वाचलं, दोनदा वाचलं, म्हणाली, "बरोबर लिहिलं," आणि सही केली. अर्ज सोमवारी ती साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

आज शनिवार आहे. हा कागद कुठे छापायला जाण्याआधी उद्या मी तिच्या घरी नेऊन देणार आहे. ती वाचेपर्यंत मी समोर बसेन. तिला बसू द्यायचं असेल तर. पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. मला मागण्याच लिहिता येतात. इथे एकही नाही.

पौर्णिमा, त्या दुपारी तू दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होतीस. मधुमालतीची ओळ तू वाचलीस. तेवढ्यात आवारात ॲम्ब्युलन्स शिरली, तू थांबलीस, आणि सायरन बंद झाल्यावर म्हणालीस, "आयकू नाही आलं असन तुले, पुन्हा वाचतो." आणि तू पुन्हा वाचलीस, इमारतीचं नाव एकेक अक्षर सुटं करून. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मी दोन्ही वेळा हं म्हटलं.